तांबड्या बॉनेटवरचे ठिपके

पेंटरने अंगठ्याचं नख बॉनेटवरून अलगद ओढत नेलं. वीतभर ते काचेवरून जावं तसं गेलं आणि मग अडलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच जागी पुन्हा नख फिरवलं. पुन्हा अडलं. गडद तांबड्या रंगावर मोहरीच्या दाण्याहूनही बारीक खड्डे पडले होते. एकेकटे नव्हते, दहा-बारांच्या पुंजक्याने होते. कुणीतरी निवांत बसून टाचणीने टोचले असावेत, तसे.

गॅरेजचे मालक त्याच्या मागे उभे होते. त्यांची नजर पेंटरला मानेवर झोंबत होती. गाडीच्या पलीकडे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. बाई दातांच्या डॉक्टर. दवाखान्यातून तशाच आल्या असाव्यात, कारण तोंडावरचा मास्क गळ्याशी लोंबत होता. गाडी त्यांनी तिसऱ्यांदा परत आणली होती.

"मला भांडायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे कशाने होतंय, तेवढं फक्त कळायला हवं."

ते तर पेंटरलाही हवं होतं. पहिल्या वेळी त्याने पक्ष्यांवर खापर फोडलं होतं. दुसऱ्या वेळी झाडाच्या चिकावर. पण दवाखान्यासमोर गाडी उभी राहायची तिथे झाड नव्हतं, आणि पक्ष्याने घाण केली तर ती अशी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी पडत नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. मग त्याने थिनर बदलला. वरच्या चकाकीच्या क्लिअर कोटचा डबा बदलला, स्प्रेगनची जाळी बदलली, शेडची जमीन पाण्याने धुऊन काढली. पत्रे ठोकणाऱ्या डेंटरच्या ग्राइंडरची ठिणगी उडत असेल म्हणून त्याच्याशी कडाक्याचं भांडून त्याला शेडच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं. डेंटर तेव्हापासून त्याच्याशी चहाही घेत नव्हता. एवढं करून ठिपके होते तिथेच होते.

रंगकामात त्याची तीस वर्षं गेली होती. त्याने रंगवलेल्या गाडीत बघून दाढी करावी, असं याच डेंटरने एकेकाळी गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. आता मालक गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि बाईंना म्हणाले, की काळजी करू नका, शेवटचं एकदा करून देतो. 'शेवटचं' हा शब्द उच्चारताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, पेंटरकडे पाहिलं.

बाई गेल्यावर मालकांनी विचारलं, "डोळे तपासून घेतलेत का एवढ्यात?"

पेंटर गाडीकडे वळला. वॉटर पेपरचा तुकडा बादलीत बुडवला आणि बॉनेट घासायला घेतलं.

घरी तो जेवणाच्या ताटावर बसला तो तसाच, नखांच्या कडेला तांबडा रंग घेऊन. बायकोने एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता वाढलं. तिसरं ताट तिच्या भावाचं होतं. हा मेव्हणा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला होता. सगळे त्याला 'सर' म्हणत, म्हणून पेंटरही म्हणे. स्वतःची बायको वारल्यावर सर एकटेच राहत होते. घराच्या छताचं काम काढलंय, दोन महिन्यांची सोय हवी, असं म्हणून ते एका पिशवीनिशी आले, त्याला आता आठ महिने होत आले होते. गच्चीतली अर्धी जागा त्यांच्या डब्याडुब्यांनी, भिंगांनी आणि किड्यांच्या वाळक्या कातींनी भरली होती.

सर वाईट माणूस नव्हते. पण त्यांना काही विचारायची सोय नव्हती. नळ का गळतो म्हणून विचारावं तर ते ढग कसे होतात इथपासून सुरुवात करत. पेंटरचं पहिल्यापासून म्हणणं होतं, की या माणसाने पस्तीस वर्षं तास घेतले आणि घंटा वाजल्याचं त्याला अजून कळलेलं नाही.

"दादाला दाखव ना एकदा," बायको भांडी उचलताना हळूच म्हणाली. "त्याला असलं कळतं."

"तुझ्या भावाला गाडी पुसता येत नाही," पेंटर म्हणाला. सर पलीकडच्या खोलीत होते; ऐकू गेलं असणार. पण तिकडून पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

चौथ्या खेपेला पेंटरने जीव ओतला. तीन दिवस तो त्या एका गाडीपाशी होता. रंगाचे हात दिले, क्लिअर कोट चढवला, वाळू दिला, मग कंपाउंड लावून मशीनने असा घोटला, की वरून जाणारा ढग बॉनेटमध्ये सबंध दिसावा. गुरुवारी सकाळी गाडी उन्हासाठी मागच्या अंगणात काढली. अंगण मोकळं होतं. कुंपणापलीकडे गवत, आणि गवताच्या पलीकडे जुन्या खाणीचा खड्डा. पेंटरने पत्र्याच्या सावलीत एक टायर आडवा टाकला आणि हातात फडकं घेऊन त्यावर बसला. आज जो कोणी येईल, त्याला तो डोळ्यांनी बघणार होता.

अकराच्या सुमाराला ते आले. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात इतके. चतुर. पिवळट अंगाचे, काचेसारख्या पंखांचे, लहान मुलं ज्यांना हेलिकॉप्टर म्हणतात ते. पेंटरला त्यात काही वावगं वाटलं नाही. गवत आहे तिथे चतुर असणारच. पण मग एक जोडी गाडीवर आली. पुढच्याच्या शेपटीने मागच्याची मान धरलेली, दोघे एकत्रच उडत होते. बॉनेटपासून हातभर उंचीवर ती जोडी जागच्या जागी थांबली, खाली आली, आणि मागच्याच्या शेपटीचं टोक रंगाला टेकलं. पुन्हा वर. पुन्हा खाली. टप, टप, टप. शिवणयंत्राची सुई चालावी तसं.

पेंटर उठला तो फडकं फिरवतच. जोडी बाजूला झाली आणि टपावर गेली. टपावरून हाकलली तर डिकीवर. तोवर बॉनेटवर दुसरी आली होती. भर उन्हात तो गाडीभोवती धावत होता आणि शेडच्या दारात डेंटर आणि आणखी दोघे उभे राहून बघत होते. कुणीतरी हसलं. पेंटरने फडकं उगारलं आणि ते त्याच्या स्वतःच्याच चष्म्याला लागलं. चष्मा खाली पडून एक काच फुटली. एका काचेने तो बॉनेटवर वाकला. फिकट पिवळे, बारीक दाणे. बोटाने पुसले तर काही निघाले. काही एवढ्यातच चिकटून बसले होते आणि तापलेल्या रंगात आपली जागा करत होते.

त्याने मालकांना बोलावून आणलं. सगळं सांगितलं. सांगताना आपण कसे दिसत असू, हे त्याला कळत होतं. केस विस्कटलेले, चष्मा अर्धा, आणि तक्रार काय, तर किडे टेकतात.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी पक्षी झाले, मग झाड झालं, मग डेंटर," ते म्हणाले. "आता हे." मग थोडा वेळ त्यांनी जमिनीकडे पाहिलं. "सोमवारपासून तुम्ही प्रायमरचं बघा. वरचा हात परवा ठेवलेला नवीन माणूस मारेल."

प्रायमर म्हणजे रंगाखालचा रंग. जो शेवटी कुणालाही दिसत नाही.

त्या संध्याकाळी पेंटर घरी आला तेव्हा सर गच्चीत होते. तो दारातच घोटाळला. बायको स्वयंपाकघरातून बघत होती, हे त्याला पाठीला जाणवत होतं. शेवटी त्याने बॉनेटवरून निघालेल्या दाण्यांची पुडी खिशातून काढली आणि सरांसमोर धरली.

"हे काय आहे?"

सरांनी पुडी उलगडली, भिंग लावलं. नेहमीसारखे ते ढगांपासून सुरू होतील म्हणून पेंटर दात आवळून उभा राहिला.

"अंडी," सर म्हणाले.

"कुणाची?"

"चतुराची. कुठे सापडली, भाऊजी?"

पेंटरने सांगितलं. सर ऐकता ऐकता उभे राहिले, मग पुन्हा बसले. मग मात्र त्यांचा तास सुरू झाला आणि आज पेंटरला तो ऐकून घ्यावा लागला. चतुर पाण्यात अंडी घालतो. पिल्लं पाण्यातच वाढतात, महिनोन् महिने, डासांच्या अळ्या खाऊन. पण वरून उडताना पाणी ओळखायचं कसं? त्यावर पडून उलटणारा उजेड एका विशिष्ट तऱ्हेने आडवा होऊन येतो. माणसाला तो फरक दिसत नाही, चतुराला दिसतो. त्याच्या एकेका डोळ्यात हजारो भिंगं असतात आणि खालच्या बाजूची भिंगं हेच शोधत असतात. आता गडद रंगाचा, चकचकीत, सपाट पत्रा उजेड नेमका तसाच उलटवतो.

"म्हणजे तुमचं बॉनेट त्यांना तळं वाटलं," सर म्हणाले. "अंडी उन्हात कडक होतात, त्यांतून आम्ल सुटतं आणि ते रंग खातं. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

पेंटरने पुडी परत घेतली. गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य त्याला पहिल्यांदाच कुणी ऐकवलं होतं, आणि ऐकवलं ते या माणसाने. त्याला बरं वाटण्याऐवजी रागच आला.

"नाव चतुर," तो म्हणाला. "आणि गाडी आणि तळं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर घडीचं स्टूल आणि वही घेऊन गॅरेजवर हजर झाले. पेंटरने त्यांना बोलावलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता किड्यांची गोष्ट सांगायला घरून साक्षीदार आणला, असं म्हणायला सगळे मोकळे होते. पण सरांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. अडगळीतले गाड्यांचे तीन जुने दरवाजे त्यांनी पेंटरला मागितले. एक काळा, एक तांबडा, एक पांढरा, तिन्ही सारखेच घोटून द्या म्हणाले. पेंटरने ते रागारागाने, पण नीट घोटले. दरवाजे अंगणात आडवे ठेवले गेले. सर स्टुलावर बसले ते साडेतीनपर्यंत हलले नाहीत. डोक्याला रुमाल, मांडीवर वही, आणि प्रत्येक टेकण्याला एक रेघ. त्यांच्या मानेवर उन्हाने तांबडा पट्टा उठला. दुपारी पेंटरने न बोलता पाण्याची बाटली त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. सरांनी न बघता उचलली.

चारला डॉक्टरीणबाई गाडी न्यायला आल्या. त्यांना चौथे ठिपके दाखवायची वेळ मालकांवर आली होती, आणि ते शब्द शोधत असतानाच सर वही घेऊन मध्ये शिरले. चतुर काळ्यावर टेकले एकोणचाळीस वेळा. तांबड्यावर चौतीस. पांढऱ्यावर एकदाही नाही. मालक घड्याळाकडे बघत होते. बाईंनी मात्र वही हातात घेतली आणि रेघा स्वतः मोजल्या.

"माझ्या दवाखान्यासमोर तलाव आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "हे सगळं तिथेच होत असणार."

मालकांनी पेंटरकडे पाहिलं नाही. गाडी झाकून ठेवा असं ते सुचवू लागले, पण बाई दिवसातून चार वेळा गाडी काढत. झाकणार कधी आणि उघडणार कधी. मग मालकच म्हणाले, की सोपं आहे, पांढरी करून टाकू. एकदाचा विषय संपेल. बाई बराच वेळ गाडीकडे बघत राहिल्या. हा तांबडा त्यांनी स्वतःच्या मनाने घेतला होता, म्हणाल्या. घरात कुणालाही न विचारता घेतलेली त्यांची ती पहिली वस्तू.

"करा पांढरी," असं म्हणून त्या वळल्या.

मालकांनी जाता जाता पेंटरला सांगितलं, ही गाडी तुम्हीच पुरी करा, आणि सोमवारचं ते राहू द्या. चुकलो असं कुणी म्हणालं नाही. डेंटरने संध्याकाळी चहाचा एक पेला त्याच्या पुढ्यात आणून ठेवला, तेवढंच.

पेंटरने तांबडा रंग घासायला घेतला. वॉटर पेपरखालून लाल पाणी वाहत होतं, बंपरवरून खाली, शेडच्या उतारावरून मोरीकडे. आयुष्यात त्याने एवढा चांगला तांबडा दुसऱ्या कुठल्याही गाडीला दिला नव्हता. आता तो बरोबर ठरला होता, आणि बरोबर ठरल्याबद्दल त्याला तो स्वतःच्या हातांनी काढायचा होता. पांढरा त्याला कधीच आवडला नव्हता. पांढऱ्यात चूक दिसत नाही आणि कसबही दिसत नाही. चार दिवसांत गाडी झाली. अंगणात उभी केली. चतुर आले, तिच्यावरून रिकाम्या जागेवरून जावं तसे गेले, एकानेही वेग कमी केला नाही. पेंटर टायरवर बसून ते बघत राहिला. सगळं सुरळीत झालं होतं. तरी त्याने उठताना टायरला लाथ मारली.

पंधरा दिवसांनी बाईंचा निरोप आला, की गाडी स्वच्छ आहे, एक ठिपका नाही. त्याच रविवारी सकाळी, चहा पिताना, पेंटर कपाकडे बघत सरांना म्हणाला, "ते खऱ्या पाण्यावर बसतात तेव्हा कसे दिसतात?"

सरांनी चप्पल घातली.

ते जुन्या खाणीवर गेले. पेंटर इतकी वर्षं तिच्यापासून हाकेच्या अंतरावर काम करत होता, पण काठापर्यंत कधी आला नव्हता. खाली हिरवट पाणी होतं. एका कोपऱ्यात शेवाळ, वाळकी पानं, कुणाचीतरी फाटकी चप्पल. वाऱ्याने वर सुरकुत्या उठत होत्या. त्या सगळ्यातून चतुरांच्या जोड्या खाली येत होत्या आणि पाण्याला टेकत होत्या. टेकलं की एक लहानसं वर्तुळ उमटायचं. बॉनेटवर वर्तुळ उमटलं नव्हतं.

"हे तर अगदीच ओबडधोबड आहे," पेंटर म्हणाला.

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "खऱ्या पाण्यात गाळ असतो, लाटा असतात. तुमचा पत्रा त्यांना पाण्याहून जास्त पाणी वाटतो. दोन्ही शेजारी असली, तर पुष्कळदा ते पाणी सोडून पत्र्यावर जातात."

पेंटर काठाच्या आणखी जवळ सरकला.

"आणि ती अंडी?"

"वाळतात."

"सगळी?"

"सगळी."

तीस वर्षांतल्या गाड्या. काळ्या, तांबड्या, गडद निळ्या. कुठल्या कुठल्या अंगणांत, उन्हात, आभाळ दिसेल अशा घोटलेल्या. पेंटरने खालचा एक खडा उचलला, पाण्यात टाकायला हात मागे नेला, आणि मग तो खडा बाजूला ठेवून दिला.

सर त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"भाऊजी, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय," ते म्हणाले. "माझ्या छताचं काम होऊन पाच महिने झाले. किल्ली माझ्याकडेच आहे. रोज ठरवतो, की आज निघायचं." ते थांबले. "उद्या निघतो."

पाण्यावर एक जोडी आली, चार वेळा टेकली आणि पलीकडच्या काठाकडे गेली. पेंटरने तिला नजरेआड होईपर्यंत पाहिलं. मग तो काठावरच्या दगडावर बसला, आणि शेजारची जागा हाताने झाडून साफ केली.

"यात पुढचा कोण असतो?" त्याने विचारलं. "नर, की मादी?"

"नर," सर म्हणाले.

"आणि तो तिला सोडत का नाही?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. याचं उत्तर लांबलचक असणार होतं. ऊन चढत होतं आणि घरी बायको जेवायला खोळंबली असती. सर दगडावर येऊन बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.